विधिमंडळाची वही (भाग ७) : पुरवणी मागण्यांत आमदाराच्या हाती काय असतं?

२८ जून २०२४ रोजी विधानसभेत राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. अर्थखातं तेव्हा अजित पवारांकडे होतं आणि वर्षाचा एकूण खर्च धरला होता ६ लाख १२ हजार २९३ कोटी रुपये. त्यानंतर अकराव्या दिवशी, ९ जुलैला, त्याच सरकारने त्याच सभागृहात ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या ठेवल्या. म्हणजे अर्थसंकल्पाच्या साडेपंधरा टक्के रक्कम दोन आठवड्यांच्या आत वर चढली. विरोधकांनी गदारोळ केला, संपादकांनी अग्रलेख लिहिले, १२ जुलैला अधिवेशन आटोपलं. तोवर मागण्या मंजूर झाल्या होत्या.

गेल्या भागात आपण मुख्य अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर मतदान कसं होतं ते पाहिलं. पुरवणीचा रस्ताही तोच आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०५ ने तसं स्पष्टच म्हटलं आहे: वर्षासाठी मंजूर झालेली रक्कम अपुरी पडली किंवा मूळ अर्थसंकल्पात नसलेल्या नव्या सेवेवर खर्च करायची वेळ आली, तर राज्यपालांनी आणखी एक विवरणपत्र सभागृहापुढे ठेवायला लावायचं आणि पुढे २०२ ते २०४ या अनुच्छेदांची सगळी रीत पाळायची. कागदावर हा अपवादाचा मार्ग आहे. महाराष्ट्रात तो वर्षातून तीनदा वापरला जातो: पावसाळी अधिवेशनात मुंबईत, हिवाळीत नागपुरात आणि वर्ष संपता संपता पुन्हा अर्थसंकल्पी अधिवेशनात. २०२४-२५ मध्ये जुलैत ९४ हजार ८८९ कोटी, डिसेंबरात ३५ हजार ७८८ कोटी आणि मार्चमध्ये ६ हजार ४८६ कोटी अशा मागण्या आल्या. बेरीज होते १ लाख ३७ हजार कोटींच्या वर.

जुलैच्या पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत सर्वांत मोठा आकडा महिला व बालविकास विभागाचा होता, २६ हजार २७३ कोटी. त्यातले २५ हजार कोटी एकट्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी. योजनेची घोषणा अर्थसंकल्पाच्या भाषणात झाली होती, वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असंही त्याच भाषणात सांगितलं होतं. टाळ्या भाषणाला मिळाल्या. पैसा मात्र पुरवणीतून आला आणि ऑगस्टमध्ये बहिणींच्या खात्यात पहिले हप्ते पडले. सरकारचा खरा कल कुठे आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर मी भाषणाआधी पुरवणीची पुस्तिका उघडतो. ती रूक्ष असते. शेरोशायरी नसते, शाहू-फुले-आंबेडकरांचं स्मरण नसतं, नुसते लेखाशीर्षांचे लांबलचक क्रमांक आणि त्याखाली दोन-चार ओळींचं स्पष्टीकरण. पण कोणाला किती ते तिथेच कळतं.

ही पुस्तिका तयार कशी होते? अधिवेशनाची चाहूल लागली की वित्त विभाग सगळ्या विभागांकडून प्रस्ताव मागवतो. विभाग नेहमीच फुगवून मागतात, कारण वित्त विभाग नेहमीच छाटतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारला जातो: हा खर्च तुमच्याच दुसऱ्या लेखाशीर्षातल्या बचतीतून का भागत नाही? भागत असेल तर पुनर्विनियोजन करा आणि मोकळे व्हा. बचत आहे पण बाब नवी आहे, असंही होतं. अशा वेळी अवघी हजार रुपयांची लाक्षणिक मागणी आणतात. पैसा आधीच हाताशी असतो, हवी असते ती नव्या बाबीला सभागृहाची परवानगी. कोट्यवधींच्या रांगेत मध्येच ‘१०००’ हा आकडा दिसला की नवख्या वाचकाला छपाईची चूक वाटते. ती चूक नसते, आणि पत्रकारांनी सर्वांत बारकाईने वाचाव्यात त्या याच मागण्या, असं माझं मत आहे.

काही रकमा तर आधीच खर्च झालेल्या असतात. अवकाळी पाऊस, पूर, साथ यांसाठी अधिवेशनाची वाट पाहता येत नाही, म्हणून राज्याचा आकस्मिकता निधी असतो. त्याची कायम मर्यादा १५० कोटी. आजच्या खर्चाच्या मानाने ती फारच तोकडी, त्यामुळे सरकार मधूनमधून अध्यादेश काढून ती तात्पुरती वाढवून घेतं. या निधीतून घेतलेली आगाऊ रक्कम पुरवणी मागणीने परत भरावी लागते. म्हणजे त्या ओळीवर आमदार मत देतात तेव्हा पैसा केव्हाच वाटून झालेला असतो.

मंत्रिमंडळाची मान्यता आणि राज्यपालांची शिफारस घेऊन पुस्तिका दोन्ही सभागृहांच्या पटलावर येते. बहुतेक वेळा अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी. मग कामकाज सल्लागार समिती चर्चेला आणि मतदानाला दिवस ठरवून देते, एखाद-दोन किंवा फार तर तीन. मागण्या विभागवार असतात आणि त्यांना इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने ओळखतात: ‘बी’ म्हणजे गृह, ‘सी’ महसूल, ‘एच’ सार्वजनिक बांधकाम, ‘एक्स’ महिला व बालविकास.

आता येतो या लेखाचा गाभा. समजा, एका तालुक्याच्या आमदाराला वाटलं की बांधकाम विभागाला विश्रामगृहाच्या दुरुस्तीसाठी मागितलेले दोन कोटी आपल्याकडच्या पुलाला द्यावेत. तो तशी दुरुस्ती सुचवू शकतो का? नाही. अनुच्छेद २०३ नुसार विधानसभेला तीनच गोष्टी करता येतात: मागणी मान्य करणं, नाकारणं किंवा रक्कम कमी करून मान्य करणं. वाढ करता येत नाही, एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळवता येत नाही. पैशाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीखेरीज येऊच शकत नाही आणि ती शिफारस सरकारच्या सल्ल्याने होते. आमदाराने विश्रामगृहाचे दोन कोटी कापायची सूचना दिली आणि ती चमत्काराने मंजूर झाली, तरी पुलाला छदामही मिळणार नाही. रक्कम तिजोरीतच राहील.

या कापण्याच्या सूचनेला कपात सूचना म्हणतात. संसदीय परिपाठात तिचे तीन प्रकार. धोरणालाच विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणा असं म्हणायचं. काटकसर हवी असेल तर नेमकी रक्कम सांगून तेवढी कमी करायला सांगायचं. एखाद्या विशिष्ट गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधायचं असेल तर शंभर रुपये कापा म्हणायचं. शंभर रुपयांनी सरकारचं काय बिघडणार? काहीच नाही, पण सूचना मंजूर झाली तर सभागृहाचा सरकारवर विश्वास उरला नाही असा तिचा अर्थ लावला जातो. म्हणून सत्ताधारी पक्ष अशा मतदानाला आपले सदस्य हजर ठेवतो आणि म्हणूनच कपात सूचना ढिगाने येतात, चर्चेत वापरल्या जातात आणि शेवटी मागे घेतल्या जातात किंवा फेटाळल्या जातात.

चर्चेवरही लगाम आहे. पुरवणीत जी बाब आहे तेवढ्यावरच बोलायचं, विभागाच्या सगळ्या धोरणाचा पाढा वाचायचा नाही, हा नियम. प्रत्यक्षात पीठासीन अधिकारी फार कडक राहत नाहीत. गृह विभागाची मागणी पोलीस वसाहतीच्या डागडुजीची असते आणि भाषण रंगतं मतदारसंघातल्या मटक्याच्या अड्ड्यांवर. याला वेळेचा अपव्यय म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. आकड्यात हात घालता येत नसेल तर आमदाराकडे उरतं ते बोलणंच, आणि मंत्र्याने उत्तरात दिलेलं आश्वासन नोंदवलं जातं, पुढे त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती असते. रात्री उशिरापर्यंत रिकाम्या बाकांसमोर चाललेल्या त्या भाषणांतून अनेकदा एखाद्या रस्त्याचा प्रश्न सुटलेला आहे.

ठरलेली वेळ संपली की उरलेल्या विभागांच्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात. “अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे... होयचे बहुमत.” हजारो कोटी असे काही मिनिटांत मंजूर होतात. शिवाय काही रकमांवर मत घेतलंच जात नाही. कर्जावरचं व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, न्यायालयाच्या हुकूमनाम्याने द्यावे लागणारे पैसे, हा सगळा भारित खर्च. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा निकाल सरकारविरुद्ध गेला की त्याची रक्कम या रकान्यात येते. त्यावर चर्चा करता येते, नाही म्हणता येत नाही.

मागण्या मंजूर झाल्या तरी तिजोरी उघडत नाही. राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढायला कायदा लागतो, म्हणून लगेच पुरवणी विनियोजन विधेयक येतं. विधेयक म्हटल्यावर दुरुस्त्या सुचवता येतील असं वाटतं. इथे अनुच्छेद २०४ आडवा येतो: मंजूर झालेल्या मागणीची रक्कम बदलेल किंवा तिचं प्रयोजन बदलेल अशी कोणतीही दुरुस्ती मांडता येणार नाही, आणि एखादी दुरुस्ती त्या कक्षेत येते की नाही यावर पीठासीन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम. मग दुरुस्तीला उरतं तरी काय? जवळजवळ काहीच नाही. पुढे विधेयक विधान परिषदेत जातं. तिथल्या ७८ सदस्यांना मागण्यांवर मताचा अधिकार नाही, आणि विनियोजन विधेयक हे धन विधेयक असल्याने त्यांना ते नाकारताही येत नाही. चौदा दिवसांत शिफारशी करू शकतात आणि त्या मानायच्या की नाही हे विधानसभा ठरवते. चौदा दिवस कोणी थांबत नाही. राज्यपालही धन विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकत नाहीत.

अमेरिकेतल्या राज्यांत हा खेळ उलटा चालतो. तिथे पुरवणी खर्चाचं विधेयक समितीत आमदार स्वतः उघडतात, रकमा घटवतात, वाढवतात, एका कामाच्या दुसऱ्याला देतात. दोन सभागृहांचे मसुदे वेगळे निघाले की दोन्हींकडचे काही सदस्य बसून तडजोडीचा मसुदा काढतात. अंकुश येतो शेवटी: ४४ राज्यांत राज्यपाल विधेयकातली एखादीच तरतूद खोडून बाकीचं मंजूर करू शकतो. विस्कॉन्सिनमध्ये २०२३ साली राज्यपाल टोनी एव्हर्स यांनी अर्थसंकल्पाच्या विधेयकातल्या ‘२०२४-२५’ मधला ‘२०’ आणि मधली रेघ खोडली. उरलं २४२५. दोन वर्षांसाठी दिलेली शालेय निधीची वाढ चारशे वर्षांची झाली, आणि २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे ग्राह्य धरलं! आपल्याकडचे राज्यपाल कितीही चर्चेत असोत, ही सोय त्यांना नाही.

आपल्या पद्धतीत फेरफार होत नाहीत असं मात्र नाही. ते पुस्तिका छापली जाण्याआधी होतात. पुलाची गरज असलेला अनुभवी आमदार सभागृहात दुरुस्ती शोधत बसत नाही. तो दोन महिने आधी पालकमंत्र्याचं पत्र घेतो, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळवतो, मंत्रालयात वित्त विभागाच्या दारी फाईल कुठे अडली ते पाहतो. त्याचं काम पुस्तिकेत आलं की तो जिंकला, नाही आलं तर पुढच्या अधिवेशनाची वाट. याचा अर्थ सत्तेच्या जवळ असलेल्याला पुरवणीत जागा मिळणं सोपं, दूर असलेल्याला अवघड. विरोधी बाकांवरून दरवेळी निधिवाटपातल्या भेदभावाची तक्रार होते. ती सरकार बदललं की बाक बदलते, पण खोटी ठरत नाही.

सगळ्या मागणीचा भार तिजोरीवर पडतोच असंही नाही. जुलै २०२४ च्या ९४ हजार ८८९ कोटींचा निव्वळ भार ८८ हजार ७७० कोटींच्या आसपास सांगितला गेला. काही रकमा केंद्राकडून परत येतात, काही नुसत्या एका खात्यातून दुसऱ्यात जातात. तरी एवढा निव्वळ भारही त्या अर्थसंकल्पात दाखवलेल्या २० हजार ५१ कोटींच्या महसुली तुटीच्या कितीतरी पट होता. उरलेला मेळ सरकार घालतं ते कर्ज काढून किंवा इतर विभागांच्या तरतुदींचे पैसे पुरते न सोडून. मंजूर रक्कम अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर दिसल्याशिवाय खर्च करता येत नाही, आणि ती केव्हा व किती दिसायची हे वित्त विभागाच्या हातात. पुरवणीत मंजूर झालेला पैसा मार्चअखेर समर्पित झाल्याच्या, म्हणजे न खर्चता परत केल्याच्या, बातम्या येतात त्या यामुळे. महालेखापालांच्या अहवालांतही काही विभागांच्या पुरवणी तरतुदी अनावश्यक ठरल्याचा शेरा पुन्हा पुन्हा असतो: मूळ तरतूदच पुरती खर्च झाली नव्हती, वर पुरवणी कशाला मागितली?

याची दुसरी बाजू म्हणजे मंजुरीपेक्षा जास्त खर्च करून बसणं. तेही घडतं. अनुच्छेद २०५ मध्येच त्यासाठी जादा खर्चाच्या मागणीची तरतूद आहे. ती लोकलेखा समितीच्या तपासणीनंतर विधानसभेपुढे यावी अशी रीत आहे आणि त्यात कधी कधी वर्षानुवर्षं जातात. या समितीचं अध्यक्षपद परंपरेने विरोधी पक्षाकडे असतं. ती नेमकं काय तपासते, ते पुढच्या भागात.