आधी पोट, मग प्रयोगशाळा?

आफ्रिकेतल्या विज्ञानसंशोधनाचा विषय निघाला की भलेभले एकच सूर लावतात. जिथे नळाला पाणी नाही आणि दवाखान्यात औषध नाही, तिथे प्रयोगशाळा कशाला हव्यात? आधी लोकांच्या पोटाचं बघा. संशोधन ही सुखवस्तू देशांची चैन आहे, आणि गरज पडलीच तर त्यांनी लावलेले शोध आयते घेता येतात. या बोलण्यात कणव आहे, म्हणून ते चटकन पटतं. पण त्यात दोन गोष्टी न तपासता मान्य केलेल्या आहेत. विकास आधी होतो आणि संशोधन त्याच्या मागून येतं, ही एक. युरोप-अमेरिकेत लागलेला शोध कुठेही तसाच्या तसा चालतो, ही दुसरी. आफ्रिकेचा गेल्या शतकाचा अनुभव या दोन्हींच्या विरुद्ध साक्ष देतो.

कसावाचं उदाहरण घेऊ. आपला उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा. आपल्याकडे त्याची आठवण एकादशीला होते, पण काँगोपासून नायजेरियापर्यंत कोट्यवधी माणसं रोज त्याच्यावर जगतात. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला; पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेत नेला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यावर पडणारा तिकडचाच एक पिठ्या ढेकूण काँगोत पोचला. ही कापसासारखी पांढरी कीड कोवळ्या शेंड्याला चिकटून रस शोषते. शेंडा आखडतो, पानं गोळा होऊन बसतात आणि जमिनीखालचा कंद पोसतच नाही. आफ्रिकेत या किडीला खाणारं कोणी नव्हतं, आणि फवारणीची औषधं घेण्याची ऐपत कसावा लावणाऱ्या शेतकऱ्याकडे नव्हती. नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत काम करणारे स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांनी प्रश्न असा मांडला: ही कीड तिच्या मूळ प्रदेशात असा उच्छाद का मांडत नाही? उत्तर १९८१ साली पॅराग्वेत सापडलं. तिथे गांधीलमाशीच्या गोतातला, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा एक कीटक पिठ्या ढेकणाच्या अंगातच अंडं घालतो. अळी ढेकणाला आतून खाऊन टाकते आणि मागे नुसतं वाळलेलं टरफल उरतं. हा कीटक आधी इंग्लंडमध्ये अलग ठेवून तपासला गेला, मग नायजेरियात सोडला गेला, आणि पुढच्या काही वर्षांत कसावाच्या जवळजवळ सगळ्या पट्ट्यात पसरला. शेतकऱ्याला यासाठी दमडी मोजावी लागली नाही. हेरेन यांना १९९५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. यात माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की कसावा हे श्रीमंत देशांचं पीक नाही. इबादानमध्ये कोणी हा प्रश्न हातात घेतला नसता तर जगात दुसरं कोणी तो घेण्याची शक्यता फार थोडी होती. आधी पोटाचं बघा, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की इथे पोटाचं बघितलं ते संशोधनानेच.

याच्या उलटचं उदाहरणही आहे, आणि ते फार महागडं ठरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तेलातुपाची टंचाई होती. तिथल्या सरकारने १९४७ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, तीस लाख एकरांवर भुईमूग लावायचं ठरवलं. पैसा, यंत्रं, माणसं, कशालाही तोटा नव्हता. मात्र जमिनीचा आणि पावसाचा धड अभ्यास झालेला नव्हता. योजनेच्या जागेवरची, कोंग्वाची चिकणमाती उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट होते, तिच्यातून शेंगा उपटून निघेनात. पाऊस बेभरवशाचा निघाला. १९५१ साली योजना गुंडाळली तेव्हा ब्रिटिश तिजोरीतले साडेतीन कोटींहून अधिक पौंड बुडाले होते. विकासाला पैसा लागतो हे खरंच, पण आधी माहिती नसली तर तो पैसा कुठे जातो हे कोंग्वात दिसलं.

आता आयत्या शोधांकडे वळू. आजारी मूल दवाखान्यात आणलं आहे: अंगात फणफणून ताप, हातपाय गार, नाडी क्षीण, मूल निपचित. अशा वेळी झपाट्याने सलाईन चढवायचं, असं पाठ्यपुस्तकं सांगत होती. ही पद्धत श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांतून आलेली, आणि तिच्यावर शंका घेण्याचं कोणाला कारण वाटत नव्हतं. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांत तीन हजारांहून अधिक मुलांवर तिची रीतसर चाचणी झाली. जुलाबाने शरीरातलं पाणी कमी झालेली मुलं तिच्यात धरली नव्हती, कारण त्यांना द्रव देणं गरजेचंच असतं. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले तेव्हा बालरोगतज्ज्ञ हादरले. ज्यांना झपाट्याने सलाईन दिलं नाही, त्यांतली शंभरात सुमारे सात मुलं ४८ तासांत दगावली. ज्यांना दिलं, त्यांतली शंभरात साडेदहा. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. मलेरिया आणि रक्तक्षयाने खंगलेलं मूल, कृत्रिम श्वासाचं यंत्र नसलेला वॉर्ड, ही परिस्थिती ज्या संशोधनाने कधी पाहिलीच नव्हती त्याचं उत्तर इथे जिवावर बेतत होतं. हे कळायला प्रयोग आफ्रिकेतल्याच खाटांशेजारी करावा लागला. आयता शोधही जिथे वापरायचा तिथे तपासावा लागतो, आणि तपासणं म्हणजेच संशोधन.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शोध लागतात, निबंध छापून येतात, पण गावापर्यंत काही पोचत नाही. हे अनेकदा खरं असतं. मोंटी जोन्स या सिएरा लिओनच्या शास्त्रज्ञाने आफ्रिकी आणि आशियाई भाताचा संकर करून तयार केलेली नेरिका वाणं गुणी होती. पण बियाणं वाढवून गावोगाव पुरवणारी यंत्रणा जिथे नव्हती तिथे त्यांचा प्रसार मंदच राहिला. तरीही यावरून संशोधन थांबवा असा निष्कर्ष निघत नाही, आणि ते बुळकांडीच्या कहाणीवरून समजतं. १८९०च्या आसपास या रोगाने पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतली बहुतेक गुरं मारली. इथिओपियात त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळात एक तृतीयांश लोक गेले असावेत असा अंदाज आहे. नैरोबीजवळच्या मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट यांनी हा विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवत त्याची धार घालवली, आणि १९६०च्या सुमारास एकदा टोचली की जन्मभर पुरणारी लस तयार झाली. मोठी मोहीम झाली, रोग जवळपास हटला, मग लसीकरण ढिलं पडलं आणि १९८०च्या दशकात बुळकांडी परत आली. लस चांगली असून अडलं कुठे? ती थंड ठेवावी लागे. युद्धाच्या आणि वाळवंटाच्या प्रदेशांत बर्फपेटी पोचत नव्हती, सरकारी डॉक्टरही पोचत नव्हता. हाही संशोधनाचाच प्रश्न मानला गेला. गोठवून सुकवण्याची पद्धत बदलून, फ्रीजबाहेर सुमारे महिनाभर टिकणारी लस तयार केली गेली. ती टोचायला गुराख्यांच्याच वस्तीतली माणसं शिकवून तयार केली गेली, कारण कळप कुठे चरायला गेलाय हे त्यांनाच ठाऊक असे. २००१ नंतर हा रोग कुठे आढळला नाही आणि २०११ साली तो पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग. गावापर्यंत वाट काढणं हे संशोधनाबाहेरचं काम मानलं, की ते कोणाचंच राहत नाही.

वाट काढण्याचं असंच एक काम पुण्यात झालं. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाच्या, साथी येत. १९९६-९७च्या साथीत सुमारे अडीच लाख लोकांना लागण झाली आणि २५ हजार दगावले. तेव्हाची लस थोडा काळच टिके आणि लहान मुलांत नीट काम करत नसे. चांगली लस बनवण्याचं शास्त्र माहीत होतं. पण आफ्रिकी देशांनी सांगितलं, की एका डोसाला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त किंमत आम्हाला परवडणार नाही, आणि त्या भावात बड्या कंपन्यांना रस नव्हता. शेवटी अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेतलं तंत्र घेऊन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती लस त्या किमतीत बनवली. माली, गांबिया, सेनेगल इथे चाचण्या झाल्या आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली. २०१७ नंतर ‘ए’ प्रकारच्या मेनिंजायटिसचा निश्चित निदान झालेला एकही रुग्ण त्या पट्ट्यात सापडलेला नाही. साथीच्या वर्षी घर, शेत, शाळा सगळं आजाऱ्याच्या उशाशी अडकून पडायचं; ते थांबणं याला विकास म्हणायचं नाही तर कशाला?

पण हे सगळं बाहेरच्यांनी केलं, असा प्रश्न वाचकाच्या मनात एव्हाना आला असेल. हेरेन स्विस, प्लोराइट इंग्रज, लस पुण्याची. आफ्रिका नुसती घेणारी, किंवा फार तर प्रयोगाची जागा, हा समज सगळ्यांत खोलवर रुजलेला आहे. ज्याँ-जाक मुयेंबे यांचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. १९७६ साली काँगोतल्या यांबुकूला एक अनोळखी रोग पसरला तेव्हा तिथे जाऊन रुग्णांचं रक्त घेणारे हे काँगोचे डॉक्टर. तो रोग पुढे इबोला ठरला. नमुने परदेशी गेले आणि शोधाचं श्रेय बराच काळ तिकडच्या शास्त्रज्ञांना मिळत राहिलं. १९९५ साली काँगोतल्याच किक्वितमध्ये आलेल्या इबोलाच्या साथीत मुयेंबे यांनी बऱ्या झालेल्या लोकांचं रक्त आठ रुग्णांना दिलं; त्यांतले सात वाचले. प्रयोग लहान होता, तज्ज्ञांनी शंका घेतल्या. पण त्याच साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून, अमेरिकी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने, प्रतिपिंडाचं एक औषध तयार झालं. काँगोतच २०१८-१९ मध्ये झालेल्या चाचणीत ते मृत्यू कमी करणाऱ्या दोन औषधांपैकी एक ठरलं. तसेच इथिओपियाचे गेबिसा एजेटा. सोलापूर-मराठवाड्यातला ज्वारीवाला शेतकरी टारफुला ओळखतो. ज्वारीच्या मुळांवर जगणारं हे तण आफ्रिकेत त्याहून फार मोठं संकट आहे. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीच्या मुळातून झिरपणाऱ्या रसायनाची चाहूल लागली की उगवतं. एजेटा आणि सहकाऱ्यांनी ती चाहूल फारशी न देणारी वाणं निवडून वाढवली. २००९चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. अर्थात त्यांना हे काम अमेरिकेतल्या विद्यापीठात राहून करावं लागलं, आणि आक्षेपातला खरा अंश इथे आहे: माणसं आहेत, पण त्यांच्या कामाचा खर्च बहुतेक वेळा दुसरं कोणी उचलतं.

मग एवढ्या संशोधनानंतर आफ्रिका गरीब का, असं विचारतात. युद्धं, कर्जं, शेतमालाचे पडणारे भाव, नसलेले रस्ते यांना लसीने आणि बियाण्याने उत्तर मिळत नाही. तसा दावा कोणी करूही नये. शिवाय ‘एवढ्या’ हा शब्दच चुकीचा आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करायचा, असं आफ्रिकी देश १९८०च्या लागोस आराखड्यापासून म्हणत आले आहेत. २००७ साली अदिस अबाबात ते पुन्हा ठरलं. खंडाची सरासरी अजून अर्ध्या टक्क्याच्याही पुढे गेलेली नाही. (आपण भारतीयांनीही त्यांना नावं ठेवू नयेत, एक टक्का आपल्यालाही गाठता आलेला नाही.) आक्षेप घ्यायचाच तर तो त्या सरकारांच्या या हात आखडण्यावर घ्यायला हवा. त्याची किंमत अलीकडेच दिसली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या केंद्रांवर झालेल्या लेनाकापाविर या औषधाच्या चाचणीचे निकाल २०२४ साली आले. सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तोच जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, आणि दक्षिण आफ्रिकी शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली अनेक आफ्रिकी देशांनी मिळून आखलेली एचआयव्ही लशीची चाचणी सुरू होण्याच्या बेतात असताना थांबली. शास्त्रज्ञ तयार होते, प्रयोगशाळा तयार होत्या. पैशाचा निर्णय मात्र वॉशिंग्टनमध्ये होत होता.