लेव्हंटची तुळई

कोलारच्या सोन्याच्या खाणींबद्दल वाचत होतो, तेव्हा कॉर्नवॉलचं नाव वारंवार भेटत होतं. कोलारातले बरेच जाणते खाणकामगार इंग्लंडच्या त्या नैर्ऋत्य टोकाकडून आलेले. संपादकांच्या कानावर हे घातलं, तर ते म्हणाले, "मग तिथली एखादी खाण बघूनच या." सेंट जस्ट गावाजवळची लेव्हंट खाण मी निवडली, ती तिथल्या एका इंजिनासाठी.

खाणीचा इतिहास थोडक्यात असा. 1820 मध्ये कंपनी निघाली. आधी तांबं, मग कथील, आणि खनिज भाजताना निघणारा सोमलसुद्धा विकला गेला. भट्टीचा धूर नागमोडी बोळांतून फिरवायचे, सोमल भिंतींवर धरायचा आणि माणसं आत शिरून तो खरवडायची. अंगाला चिकणमाती फासून, नाकात बोळे घालून. जमिनीवर बायका हातोड्यांनी दगड फोडत. खालचे बोगदे अटलांटिकच्या तळाखाली दीड किलोमीटरहून लांब गेले. 1930 मध्ये सगळं थांबलं.

कड्याच्या अगदी काठावर दोन इंजिनघरं आहेत. त्यातलं पाणी उपसणाऱ्या इंजिनाचं घर आज रिकामं आहे. शेजारच्या घरात मात्र 1840 चं, हेल गावच्या हार्वे कारखान्यातलं इंजिन जागच्या जागी आहे. खालून खनिज वर ओढायचं, हे त्याचं काम. नव्वद वर्षं ते त्यानं केलं.

मला खिळवून ठेवलं ते भिंतीनं. घराच्या तीन भिंती साध्या, चौथी चांगली जाड, आणि तिच्यावर ओतीव लोखंडाची अवजड तुळई मधोमध पेललेली. तुळईचं एक टोक घराच्या आत, सिलिंडरच्या वर. वाफेनं दट्ट्या हलला की हे टोक खालीवर होतं. दुसरं टोक भिंतीच्या पलीकडे; ते दांडा आणि भुजेच्या मदतीनं जडचक्र फिरवतं आणि दोर गुंडाळणारी पिंपं त्याबरोबर फिरतात. म्हणजे ही भिंत यंत्राचा सांगाडाच आहे. ती ढासळली तर तुळईला टेकायला जागा नाही. कॉर्नवॉलभर अशी शेकडो इंजिनघरं उभी आहेत, पण बहुतेकांतलं लोखंड केव्हाच भंगारात गेलं. ती पाहताना घराची एक बाजू इतकी जाड का, हे कळत नाही. लेव्हंटला आत पाऊल टाकलं की लगेच कळतं.

हे इंजिन वाचलं कारण 1935 मध्ये काही स्थानिक मंडळींनी ते भंगारवाल्याकडे जाऊ दिलं नाही. पुढे 1984 मध्ये 'ग्रीझी गँग' म्हणून ओळखली जाणारी स्वयंसेवकांची टोळी कामाला लागली. जागच्या जागी सुटे भाग काढायचे, गंज घासायचा, पुन्हा जोडायचे. साठ वर्षांच्या विश्रांतीनंतर, 1992 मध्ये इंजिन वाफेवर फिरलं. माझ्या लेखी लेव्हंटची खरी कमाई हीच.

पण या खाणीत आणखी एक यंत्र होतं, माणसांना नेणारं. कपडे बदलायच्या खोलीतून गोल जिना उतरून एका बोगद्यानं त्याच्या विहिरीपाशी जाता येतं. त्या विहिरीत जवळजवळ अर्धा किलोमीटर खोल लाकडी दांडा सोडलेला होता, त्यावर बारा-बारा फुटांवर पायऱ्या. दांडा बारा फूट वर यायचा. माणूस पायरीवरून बाजूच्या फळीवर सरकायचा. दांडा खाली जायचा. माणूस वरच्या पायरीवर पाय ठेवायचा. असं करत दिवसाची पाळी संपवून वर यायचं. शेकडो फूट शिड्या चढण्यापुढे हे सुखच होतं. 20 ऑक्टोबर 1919 ला पाळी सुटताना, दांड्यावर शंभराहून अधिक माणसं असताना, वरच्या टोकाचा लोखंडी जोड तुटला. दांडा कोसळला आणि 31 माणसं गेली. ते यंत्र पुन्हा बसवलं नाही, सगळ्यात खोल थर सोडून द्यावे लागले आणि अकरा वर्षांत खाण मिटली. दगड ओढणारं यंत्र आपण पाहायला येतो आणि माणसं ओढणाऱ्याची नुसती विहीर उरली आहे, हे मला तिथं फार लागलं.

शेजारच्या गीव्हर खाणीनं 1960 च्या दशकात लेव्हंटच्या जुन्या बोगद्यांत उतरायचं ठरवलं, तेव्हा समुद्र एका ठिकाणी छत फोडून आत आलेला होता. ते भगदाड बुजवून पाणी उपसलं, पण 1990 मध्ये गीव्हरचंही काम थांबलं. पंप बंद झाल्यावर खालचं सगळं पुन्हा पाण्याखाली गेलं. आता जे काही राखायचं ते जमिनीवरचं, आणि तिथं खारा वारा आहे. लोखंड रंगवलं तरी मीठ सांधे शोधतं. दगडांच्या सांध्यांत चुना भरतात, तो पुन्हा झडतो. कडा स्वतःच लाटांनी झिजतो. सोमलाच्या भट्ट्यांभोवतीची माती विषारी, म्हणून तिथं डागडुजीला फावडं मारायचं तरी आधी विचार करावा लागतो.

याहून मोठी अडचण माणसांची. हे इंजिन कळ दाबून सुरू होत नाही. पहिले फेरे झडपा हातानं उघडत-मिटत द्यावे लागतात, आणि दट्ट्या कुठवर आला हे आवाजावरून ओळखावं लागतं. हे पुस्तकात वाचून येत नाही. इंजिन वाफेवर असताना जाणत्याशेजारी उभं राहूनच येतं. त्यासाठी बॉयलर धड हवा, इंधनाला पैसे हवेत आणि पगाराविना आठवड्याचे दिवस द्यायला तयार असलेली तरुण मंडळी हवीत. 1984 साली ज्यांनी पाने हातात घेतले ती पिढी म्हातारी झाली. 2006 पासून कॉर्नवॉलच्या खाणींचा हा मुलूख जागतिक वारसा आहे, पण त्या मानानं झडपेवरचा हात तयार होत नाही.