अपाचेची पाती वाकवताना

कढत पाण्याची वाटी, तीत काही सेकंद बुडवलेलं प्लॅस्टिकचं दहा सेंटिमीटरचं पातं, आणि मग चिमटीत धरून त्याला हलकेच दिलेला बाक. 1:72 प्रमाणातलं अपाचे हेलिकॉप्टर जोडणारे मुरब्बी छांदिष्ट हा उद्योग आवर्जून करतात. बघणारा मात्र हळहळतो: चांगलं सरळ पातं, वाकडं कशाला केलं?

जमिनीवर उभ्या असलेल्या खऱ्या अपाचेचा फोटो पाहिला की उलगडा होतो. त्याची पाती टोकाकडे झुकलेली असतात. सव्वासात मीटर लांब, अरुंद आणि एकाच टोकाला धरलेलं पातं स्वतःच्या वजनानेच लवतं. मिनिटाला 290च्या आसपास फेरे सुरू झाले, की गोफणीच्या दोरीसारखं ते ताठ होतं.

मग प्लॅस्टिकचं पातं आपण होऊन का लवत नाही? याचं मूळ गॅलिलिओपाशी आहे. दुर्बीण आणि चर्चशी झालेला झगडा यांमुळे तो लोकांच्या लक्षात राहिला. पण नजरकैदेत असताना लिहिलेल्या आणि 1638मध्ये लायडनला छापलेल्या त्याच्या पुस्तकात एका हाडाचं मोठं गमतीदार चित्र आहे. प्राणी तिप्पट लांबीचा झाला, तर त्याचं हाड नुसतं तिप्पट करून भागत नाही. ते भलतंच जाडजूड, बेढब करावं लागतं. कारण वजन लांबीच्या घनाने वाढतं, आणि हाडाचा छेद फक्त वर्गाने. अपाचेच्या पात्याला हाच हिशेब उलटा लावायचा. तेच द्रव्य वापरून पातं 72 पट लहान केलं, तर लांबीच्या मानाने त्याचा बाक 72 पट कमी होतो. प्लॅस्टिक धातूपेक्षा लवचिक खरं, पण एवढी तूट भरून काढण्याइतकं नाही. म्हणून निसर्ग जे करत नाही, ते गरम पाण्याने करायचं.

‘हुबेहूब’ या जाहिरातीतल्या शब्दाची गंमत इथेच आहे. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव मॉडेल हाताला जड लागलं, की गिऱ्हाईक खूश. पण आठ टनांच्या अपाचेला 72च्या घनाने, म्हणजे 3,73,248ने भागलं, तर उरतात जेमतेम 21 ग्रॅम. चार-पाच चहाचमचे साखर!

रशियन एमआय-24 हेलिकॉप्टरची तऱ्हा आणखी न्यारी. (त्याच्याच एमआय-35 या भावंडाची जागा भारतीय हवाई दलाच्या पठाणकोटमधल्या 125 क्रमांकाच्या तुकडीत 2019मध्ये अपाचेने घेतली.) शेपटीचा पंखा धडाला गरगर फिरण्यापासून रोखतो, पण तो अख्ख्या यंत्राला एका कुशीला ढकलतोही. त्यावर उतारा म्हणून एमआय-24च्या मुख्य पंख्याचा दांडा धडाच्या मानाने अडीच अंश उजवीकडे कललेला असतो. मात्र जमिनीवर पंखा समतल राहायला हवा. म्हणून चाकांची मांडणीच अशी केलेली, की धड डावीकडे कलतं.

मॉडेलही तसंच कललेलं दिसलं, की नवख्याला वाटतं, आपलंच जोडकाम फसलं. तो बिचारा कानस घेऊन चाकं घासत बसतो, आणि मॉडेल ओळंब्यात आलं की समाधानाने कपाटात ठेवतो. जाणकार पाहुणा आला, की समोरून एक डोळा मिटून बघतो आणि विचारतो, “हे सरळ कसं काय उभं?”