हार्ड डिस्क नियंत्रक व लिनक्सची उभारणी

संगणकाचा प्रक्रियक व हार्ड डिस्क यांतील माहितीच्या देवघेवीचे नियमन करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय मंडलाला हार्ड डिस्क नियंत्रक म्हणतात. परिचालन प्रणाली त्याच्याशी ज्या आज्ञावलीमार्फत व्यवहार करते ती ड्रायव्हर होय. लिनक्स (१९९१) बसविताना डिस्क दिसली नाही, तर ती बिघडली असे मानणे घाईचे ठरते. इंटेल नियंत्रक असलेल्या अनेक संगणकांत तो कारखान्यातूनच ‘रेड’ स्थितीत ठेवलेला असतो. फर्मवेअरमध्ये ‘एएचसीआय’ स्थिती निवडल्यास डिस्क बहुधा दिसू लागते. मात्र तिच्यावर आधीची विंडोज प्रणाली असल्यास नव्या स्थितीचा ड्रायव्हर तिच्यात अगोदर सज्ज करावा लागतो; एरवी ती सुरूच होत नाही. या बदलापूर्वी माहितीची प्रत अन्यत्र ठेवणे इष्ट.

उभारणीनंतरची अडचण अधिक चमत्कारिक आहे. लिनक्सच्या कर्नलला डिस्क वाचण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर तर त्याच डिस्कवर, म्हणजे किल्ली पेटीत व पेटीला कुलूप! म्हणून आवश्यक ड्रायव्हर ‘इनिट्रॅमएफएस’ या लहान संचिकेत बांधतात. प्रारंभक आज्ञावली फर्मवेअरच्या साहाय्याने ही संचिका कर्नलबरोबरच स्मृतीत उतरविते. डिस्क वेगळ्या नियंत्रकाला जोडल्यास त्याचा ड्रायव्हर संचिकेत नसण्याचा संभव असतो. तेव्हा उभारणीच्याच माध्यमावरून संगणक सुरू करून संचिका नव्याने बांधतात.