तांब्याचे नाणे आणि राज्याची सनद

धातूच्या तुकड्यावर ठसा उमटला की त्याचे नाणे झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु तो ठसा उमटविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न उपस्थित झाला की भल्याभल्या जाणकारांची मते दुभंगतात. अमेरिकेतील १७८५ ते १७८८ या काळातील तांब्याच्या नाण्यांविषयी असाच मतभेद आहे. व्हरमाँट, कनेक्टिकट, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स या चार राज्यांची ही नाणी. तेथील संघराज्याची टाकसाळ त्या वेळी अस्तित्वात नव्हती आणि यांतील बहुतेक नाणी खाजगी मक्तेदारांनी पाडलेली होती. मग त्यांना अधिकृत नाणी म्हणावे, की नाण्यासारखे दिसणारे व्यापारी बिल्ले? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर नाण्याच्या धातूत वा ठशात नसून त्यामागील सनदेत आहे.

प्रथम त्या काळची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. १७८३ साली इंग्लंडशी तह होऊन स्वातंत्र्ययुद्ध संपले. परंतु बाजारात खुर्द्याची मोठी टंचाई होती. इंग्रजी तांब्याचे अर्धपेनी हेच गोरगरिबांचे चलन, आणि त्यातही वजनाला हलक्या, बनावट नाण्यांचा सुळसुळाट. १७८१ साली अमलात आलेल्या राज्यसंघाच्या करारनाम्याने नाण्यांचा कस व मूल्य ठरविण्याचा अधिकार काँग्रेसकडे सोपविला. मात्र त्याच कलमात राज्यांनी आपापल्या अधिकाराने पाडलेल्या नाण्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. नाणे पाडण्याचा राज्यांचा हक्क त्या काळच्या मूलभूत कायद्यालाच मान्य होता, हे यावरून उघड होते.

या हक्काचा वापर चौघांनी वेगवेगळ्या रीतीने केला. व्हरमाँटच्या विधिमंडळाने जून १७८५ मध्ये रुपर्ट गावच्या रूबेन हार्मन यास तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता दिला. व्हरमाँट तेव्हा संघात सामीलच नव्हते. ते स्वतःस स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणवीत असे. त्याच्या पहिल्या नाण्यांवर डोंगराआडून उगवणारा सूर्य व नांगर आहे आणि दुसऱ्या बाजूस 'चौदावा तारा' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. तेरा राज्यांच्या पंक्तीत बसण्याची ती आकांक्षा १७९१ साली फळास आली. कनेक्टिकटने ऑक्टोबर १७८५ मध्ये चौघा गृहस्थांना दहा हजार पौंडांच्या मर्यादेपर्यंत परवानगी दिली व उत्पन्नाचा विसावा हिस्सा राज्यासाठी राखला. न्यू जर्सीने १ जून १७८६ रोजी तिघा मक्तेदारांना तीस लक्ष नाण्यांची सनद दिली, प्रत्येकाचे वजन १५० ग्रेन ठरविले आणि दशमांश हिस्सा घेतला. मॅसॅच्युसेट्सने मात्र मक्ता न देता बोस्टन येथे स्वतःची टाकसाळ काढली. तेथील १७८७ व १७८८ ची नाणी 'सेंट' हा शब्द धारण करणारी अमेरिकेतील पहिली नाणी होत. नाणे उत्तम निघाले. परंतु त्याच्या मूल्यापेक्षा खर्च अधिक होऊ लागल्याने टाकसाळ लवकरच बंद करावी लागली.

मक्तेदाराने पाडलेले नाणे सरकारी कसे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. पण पेशवाईत आपल्याकडेही टाकसाळी सरकारी परवाना घेतलेल्या खाजगी इसमांकडे असत, आणि तेथील नाणे कोणी खाजगी मानीत नसे. हात मक्तेदाराचा असला तरी अधिकार सनद देणाऱ्याचा. याच कसोटीने उलट निर्णयही करता येतो. न्यू यॉर्कच्या विधिमंडळाकडे मक्त्यासाठी अर्ज आले होते, परंतु त्याने कोणासही सनद दिली नाही. तरीही 'नोव्हा इबोरॅक', म्हणजे न्यू यॉर्क, अशी अक्षरे असलेली १७८७ ची नाणी बाजारात आली. ती दिसावयास कितीही देखणी असली तरी त्यांना राज्याची नाणी म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देणेकऱ्याने दिल्यास घेणेकऱ्याला कायद्याने नाकारता येत नाही, तेच खरे नाणे, असे कित्येक म्हणतात. परंतु हा निकष लावला तर संघराज्याचेच सेंट बाद होतात! २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने असा दर्जा सोन्याचांदीच्या नाण्यांना दिला. तांब्याच्या सेंटला दिला नाही. सेंटला तो १८६४ साली, तोही केवळ दहा सेंटांच्या मर्यादेपर्यंत मिळाला. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत १७९३ साली पडलेला सेंट सर्वजण निःशंकपणे अधिकृत मानतात. मग हाच आक्षेप कनेक्टिकटच्या नाण्यावर घेणे न्यायाचे नव्हे.

नव्या राज्यघटनेने राज्यांना नाणी पाडण्यास मनाई केली, हे खरे. पण ती घटना १७८८ साली पुरेशा राज्यांची संमती मिळाल्यावर पक्की झाली. तिची मनाई पूर्वीच्या कृत्यांना लागू होत नाही. शिवाय जो हक्क नव्हताच तो काढून घेण्याची गरज काय होती?

एवढे सिद्ध झाले तरी प्रत्येक तुकडा आपोआप अधिकृत ठरत नाही. कनेक्टिकटच्या नाण्यांचे ठशांनुसार तीनशेहून अधिक प्रकार आढळतात आणि त्यांतील कित्येक सनदेबाहेरच्या कारखान्यांत पाडलेले आहेत. जानेवारी १७८७ मध्ये खुद्द विधिमंडळालाच चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून 'कनेक्टिकटचे नाणे' एवढे म्हणून भागत नाही. कोणते नाणे, कोणाच्या ठशाचे, हेही पाहावे लागते.

हा वाद केवळ संग्राहकांच्या कपाटापुरता नाही. सनदेची नाणी, हलकी नाणी व बनावट नाणी यांची अशी सरमिसळ झाली की १७८९ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या बाजारात तांब्यावरचा विश्वासच उडाला. भाव कोसळले, दुकानदार नाणे घेईनासे झाले. सावकाराची तिजोरी सोन्याचांदीची. त्याचे फारसे बिघडले नाही. ज्याची दिवसाची मजुरीच तांब्यात मिळे, त्याच्या हातात मात्र कोणी न घेणारे तुकडे उरले. त्यांतले अधिकृत कोणते व खोटे कोणते, हे त्याने कसे ओळखावे?

आमचा निष्कर्ष असा की, या चार राज्यांची सनदशीर नाणी निःसंशय अधिकृत होती; संघराज्याची नव्हेत, पण आपापल्या राज्याची. परंतु सनद देऊन राज्याचे कर्तव्य संपत नाही. ठसा म्हणजे राज्याने प्रजेला दिलेला शब्द. तो शब्द वजनात, कसात आणि देखरेखीत पाळला गेला नाही, तर नाणे अधिकृत राहूनही निरुपयोगी होते, आणि त्याची किंमत मोजतो तो ज्याच्या गाठीला दुसरे काहीच नसते.