पाखरू येण्याआधीचे नऊ दिवस

पिंजरा आधी, पाखरू मागाहून. लेकीला मी एवढी एकच अट घातली होती.

तिचा मामा नांदेडला गच्चीवर बजी पाळतो. आपल्याकडे सगळे ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो हाच पक्षी. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि जाड चोचीचा. बजी ऑस्ट्रेलियातला, सडपातळ, लांब शेपटीचा, मानेवर आणि पंखांवर काळ्या लाटा असलेला. दिवाळीत लेकीनं गच्चीवर पिलं पाहिली. परतीच्या वाटेवर लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर आलं, तरी गाडीत दुसरा विषय नव्हता. पिलं आपले आपण दाणे सोलून खायला लागल्याशिवाय हात लावू देणार नाही, असं मामानं आधीच बजावलं होतं. त्यानं स्वतःचीही एक अट घातली होती. एकटा पक्षी देणार नाही, नेशील तर दोन ने. बजी थव्यानं राहणारा पक्षी. लेकरू शाळेत आणि क्लासला, आम्ही दोघं नोकरीवर. मग दिवसभर त्यानं कुणाशी बोलायचं?

घरात विरोध होता तो आईचा. "मुक्या जिवाला कोंडायचं कशाला रे?" ती म्हणाली. तिच्या माहेरी राघू होता. पितळी कडीवर बसायचा, ओली मिरची खायचा, आल्यागेल्याला नावानं हाका मारायचा. एका उन्हाळ्यात तो मेला, आणि आपल्या वडिलांना रडताना तिनं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. तो राघू आता घरात ठेवताच येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे रानपोपट पकडायला, विकायला आणि पाळायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. बजीची गोष्ट वेगळी. जॉन गोल्ड हा इंग्रज पक्षीतज्ज्ञ १८४०मध्ये ऑस्ट्रेलियाहून जिवंत बजी घेऊन इंग्लंडला परतला, आणि तेव्हापासून या पक्ष्याच्या पिढ्यांमागून पिढ्या पिंजऱ्यातच जन्मत आल्या. मामाच्या गच्चीवरच्या पिलांना रानातलं अन्न कसं शोधायचं ते माहीत नाही, आणि लातूरच्या आभाळातल्या घारीही माहीत नाहीत. दार उघडून सोडणं म्हणजे त्यांना मारणंच. आईला हे पटलं, पण तिनं पुढचा प्रश्न विचारला आणि तोच खरा होता. "मग उडंल कुठं ते?"

बाजारात मिळणारे पिंजरे मी त्याच प्रश्नानं पाहू लागलो. बहुतेक गोल, घुमटाच्या आकाराचे, वर कडी, शोभेचे. बजी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १८ सेंटिमीटर भरतो आणि पंख पसरले की फूटभर होतो. गोल पिंजऱ्यात त्याला फक्त वर-खाली चढता येतं. पण पक्षी आडवा उडतो, त्यामुळे पिंजऱ्याच्या उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६०चा कायदाही हेच सांगतो. ज्या पिंजऱ्याची लांबी, रुंदी, उंची प्राण्याला नीट हालचाल करू देत नाही, त्यात त्याला ठेवणं हा गुन्हा आहे. दुकानांत टांगलेले कितीतरी पिंजरे या एका वाक्यात बाद होतात.

शेवटी औसा रोडवरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायचं ठरलं. ३० इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच. दोन पक्ष्यांसाठी मी याहून लहान जाणार नव्हतो. तो म्हणाला, एक इंची जाळी घ्या, स्वस्त पडंल. एक इंची जाळीतून बजीचं डोकं सहज बाहेर जातं आणि मग मान अडकते. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी घेतली. दार वर सरकणारं नको, बाजूला उघडणारं आणि खिटीचं हवं, असंही सांगितलं. वर सरकणारं दार बजी चोचीनं उचलतो, आणि अर्ध्यात सुटलं तर तेच दार मानेवर पडतं.

पिंजरा घरी आला तेव्हा चकचकीत दिसत होता. लेक लगेच खेळणी टांगायला निघाली. मी तिला थांबवून जाळीवर बोट फिरवायला सांगितलं. बोटाला पांढरट भुकटी लागली, आणि जोडांवर बारीक खडबडीत थेंब हाताला लागले. ते जस्त. लोखंड गंजू नये म्हणून जाळीला जस्ताचा मुलामा देतात. बजी दिवसभर चोच आणि जीभ लावत जाळीवर चढतो, म्हणजे तो मुलामा पोटात जातो. ३०-४० ग्रॅमच्या जिवाला जस्ताची बाधा व्हायला फारसं काही लागत नाही. पुढचे दोन दिवस आम्ही त्यातच घालवले. थेंब कानशीनं घासून काढले, सगळी जाळी व्हिनेगर लावून ब्रशनं घासली, भरपूर पाण्यानं धुतली, गच्चीवर उन्हात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. माझ्या मते नव्या पिंजऱ्याचं सर्वांत महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच काम कुणी सांगत नाही.

दांड्यांचं काम मात्र आनंदाचं होतं. पिंजऱ्यांसोबत प्लॅस्टिकच्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांड्या मिळतात. बजीच्या पायाची दोन बोटं पुढं असतात आणि दोन मागं. तो झोपतोही उभ्यानंच. चोवीस तास एकाच जाडीला पकडून राहिलं की तळपायाच्या त्याच जागी दाब येतो आणि फोड होतात. आमच्या परसात पेरूचं झाड आहे, त्यावर कधी औषध फवारलेलं नाही. त्याच्या फांद्या काढल्या, एक करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढी, एक वेडीवाकडी. उकळतं पाणी ओतून उन्हात वाळवल्या, आणि साल तशीच ठेवली, कारण सोलत बसायला पक्ष्याला काहीतरी हवंच असतं. टोकांना नट-बोल्ट आणि वायसर लावून त्या जाळीत घट्ट बसवल्या. लेकीनं पाच बसवायला घेतल्या होत्या. मी विचारलं, आता उड बरं यातून. तिनं पिंजऱ्यात हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, तो दोनदा अडकला, आणि तिनं आपणहून दोन फांद्या काढल्या. दोन्ही टोकांना दांड्या, मध्ये मोकळी हवा. वाट्या दांडीच्या खाली येणार नाहीत असं पाहिलं, नाहीतर विष्ठा थेट दाण्यांत पडते.

आरसा लावला नाही. सोबतीला खरा पक्षी असताना खोट्याची गरज नव्हती. सुटे धागे असलेली खेळणीही नकोत, नखं अडकून पाय पिरगळतो. नारळाच्या करवंटीचा झोका केला, तेवढा पुरे. मडक्यावरून मात्र घरात बरीच चर्चा झाली. आपल्याकडे पिंजऱ्यासोबत एक छोटं, बाजूला भोक असलेलं मडकं देतातच. आईचं म्हणणं, "घर नाही दिलं तर निजतील कुठं?" पण बजी रानातही फांदीवरच झोपतो. झाडाच्या ढोलीत तो जातो फक्त अंडी घालायला. मडकं टांगलं की पक्ष्याच्या अंगात विणीची चक्रं फिरू लागतात, आणि कोवळ्या मादीसाठी ते जिवावर बेतू शकतं, अंडं अडकून ती दगावते. मडकं माळ्यावर गेलं.

नंतर जागा. स्वयंपाकघर आधीच बाद. पक्ष्याच्या फुप्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, आणि आत येताना नि बाहेर जाताना दोन्ही वेळा तो हवेतला प्राणवायू शोषून घेतो. उडण्यासाठी ही रचना फार गुणाची, पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्यानं आत जातं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या थरातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. आमच्याकडचा तसा तवा त्याच आठवड्यात घराबाहेर गेला, बिडाचा तवा खाली निघाला. अगरबत्ती देवघरापुरती आणि देवघराचं दार लावून. मच्छरांची कॉइल बंद.

मग गॅलरी? ऊन छान येतं, पण तिथं कबुतरं आणि कावळे बसतात. २०२५च्या जानेवारीत आमच्याच जिल्ह्यात, उदगीरला, कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. रानपाखरांची विष्ठा जिथं पडते तिथं पिंजरा ठेवायचा नाही, असं मी त्याच वेळी मनाशी धरलं होतं.

टांगायचा की टेकवायचा, हा प्रश्न बायकोनं एका वाक्यात सोडवला. ती औशाकडची. १९९३च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती लहान होती, आणि तेव्हापासून तिच्या घरात माणसाच्या डोक्याच्या वर जड काही टांगलेलं नसतं. मामाचा अनुभवही तसाच. २०२४च्या मार्चमध्ये हिंगोलीकडचा धक्का नांदेडला सकाळी सहाच्या सुमारास जाणवला, तेव्हा गच्चीवरचा सगळा थवा जाळीवर आदळला होता. बजी अंधारात घाबरला की दिशा न पाहता धडकतो. म्हणून बैठ्या लोखंडी स्टँडवर, हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, लेकीच्या डोळ्यांच्या उंचीवर पिंजरा ठेवला. मागची आणि एक बाजू भिंतीला, म्हणजे पाठीमागून कुणी येणार नाही याची पक्ष्याला खात्री. कूलरचा झोत तिथं पोचत नाही. रात्री पांघरायला आईचं जुनं सुती लुगडं आणि एक झिरोचा दिवा. पक्षी बाहेर काढताना छताचा पंखा बंद, हे लेकीनं कागदावर लिहून बटणांच्या वर चिकटवलं.

खाण्यासाठी गंजगोलाईत गेलो. गोल बाजारपेठेतून चहूबाजूंना फुटणाऱ्या त्या रस्त्यांवर काय मिळत नाही! काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळाला. तो फेस नसून माकूळ जातीच्या समुद्री जिवाच्या पाठीतलं पांढरं कवच असतं. पक्ष्याला त्यातून चुना मिळतो, चोचही झिजते. दाण्यांसाठी दुकानदारानं कांगणीचं पोतं दाखवलं. घरी आईनं पिशवीत हात घातला, दाणे तळव्यावर घोळवले आणि तिचा चेहरा उजळला.

"हे तर राळे हायेत की! भोगीला ह्याचाच भात करायचो आम्ही."

लेकीनं राळ्याचा भात कधी खाल्ला नव्हता. आईच्या लहानपणी शेतात राळ्याचे दोन-चार तास तरी असायचेच. आता ते धान्य आमच्या घरात परत आलं ते पाखराच्या निमित्तानं. त्या संध्याकाळपासून "कोंडायचं कशाला" हे वाक्य मी ऐकलं नाही. राळ्यात थोडी बाजरी मिसळली, कोथिंबीर आणि मेथी रोज ताजी द्यायची ठरली. मीठ-तेलाचं काही नाही, चॉकलेट नाही, अ‍ॅव्होकॅडो तर मुळीच नाही.

पाण्याची वाटी लहानच ठेवली. बजी दिवसाला चमचाभरही पाणी पीत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागात पाऊस जिकडे, तिकडे भटकणारा हा पक्षी. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा ड्रम घेऊन रांगेत उभा राहिलेला मी. पाण्याच्या मागे चालणाऱ्या जिवाबद्दल मला वेगळं काही समजावून घ्यावं लागलं नाही. पण थोडं पितो म्हणून शिळं चालतं असं नाही. वाटी रोज धुवायची.

दहाव्या दिवशी मामा आला. भोकं पाडलेलं खोकं त्यानं नांदेडपासून मांडीवर धरलं होतं. कपाळावरच्या रेघा पार चोचीपर्यंत आलेल्या, म्हणजे वय कोवळं. पहिली पिसं गळाली की कपाळ स्वच्छ होतं. नाकपुड्यांवरचा मऊ भाग दोघांचाही एकसारखा गुलाबी-जांभळट, म्हणजे बहुधा दोघेही नर, पुढं तो निळा होईल. एक हिरवा, एक निळा. खोकं दाराला लावून आम्ही सगळे मागं सरलो. पाच मिनिटांनी हिरवा बाहेर आला, पेरूच्या वाकड्या फांदीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. निळा त्याला चिकटून. लेकीला हात घालायचा होता. मामा म्हणाला, "आठ दिवस नुसतं जवळ बसून अभ्यास कर. मोठ्यानं वाच." तिनं इतिहासाचं पुस्तक उघडलं.

चौथ्या दिवशी एक चूक झाली. वाटी भरलेली दिसली म्हणून लेकीनं दाणे घातले नाहीत. दुपारी पक्षी अंग फुगवून, गप्प बसलेले. मी घाबरून उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा नंबर शोधू लागलो. आईनं वाटी बाहेर काढली, तळव्यावर ओतली आणि हलकी फुंकर मारली. सगळं उडून गेलं. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथंच टाकतो. वाटीत फोलपटांचा ढीग होता, दाणा एकही नव्हता. नवीन दाणे घालताच दोघं तुटून पडले.

आता रोज सकाळी सातला आई सूप घेऊन ओट्यावर बसते. दोन्ही वाट्या सुपात ओतते, पाखडते, खाली राहिलेले दाणे नव्यात मिसळते. सुपाचा आवाज झाला की आतून हिरवा ओरडायला लागतो, आणि लेक दप्तर भरता भरता त्याला सांगते, थांब, आजी आणायलीय.