‘एक रुका हुआ फैसला’चं मूळ कुठे?

मलकापुरात नाटकवेड्यांच्या गप्पांत ‘एक रुका हुआ फैसला’चा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतं, मूळ इंग्रजी सिनेमा, हेन्री फोंडाचा. बासू चटर्जींनी १९८६ मध्ये ही गोष्ट हिंदी पडद्यावर आणली, हे खरं. पण तिचं मूळ सिनेमात नाही, रंगभूमीवरही नाही. स्वतः ज्युरीत बसून आलेल्या रेजिनाल्ड रोज यांनी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ लिहिलं ते टीव्हीसाठी. २० सप्टेंबर १९५४ ला सीबीएसवरच्या ‘स्टुडिओ वन’ मालिकेत ते थेट प्रक्षेपित झालं. फोंडाचा सिनेमा आला १९५७ मध्ये.

थेट म्हणजे चालू नाटकासमोर एक कॅमेरा मांडला, असंही अनेकांना वाटतं. तसं नव्हतं. ही नाटकं स्टुडिओत, अनेक कॅमेऱ्यांसाठी बसवलेली असत. नट एका सेटवरून दुसऱ्यावर धावत, वाटेतच कपडे बदलत. चूक झाली की ती घरोघरी दिसे. जाहिरातीही थेटच! ‘स्टुडिओ वन’चे प्रायोजक वेस्टिंगहाऊस, त्यांच्या फ्रिजचं दार एकदा ऐन प्रक्षेपणात उघडेना. क्राफ्ट या चीज कंपनीच्या जाहिरातीत चेहरा नसे. फक्त दोन हात चीजचा पदार्थ करत आणि निवेदक कृती सांगे.

प्रायोजक नुसते पैसे देतो, हा समज मात्र मला सर्वांत घातक वाटतो. १९४७ मध्ये सुरू झालेली क्राफ्टची नाट्यमालिका त्यांची जाहिरात संस्थाच तयार करायची. १९५९ मध्ये ‘प्लेहाऊस ९०’ या टीव्ही नाट्यमालिकेत ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ झालं. विषय नाझींच्या गुन्ह्यांचा न्याय, आणि प्रायोजकांत गॅस कंपन्यांची संघटना. म्हणून गॅस चेंबरचा उल्लेख आला की आवाजच बंद केला गेला. लाखो माणसं ज्यात मारली गेली, त्याचं नावसुद्धा प्रेक्षकांच्या कानी पडू दिलं नाही. आपल्याकडेही प्रायोजक खाजगी वाहिन्यांबरोबर आले नाहीत. १९८४ मध्ये दूरदर्शनच्या ‘हम लोग’मागे मॅगी होती.

ही नाटकं हवेत विरली, हेही पूर्ण खरं नाही. व्हिडिओ टेप १९५६ मध्ये आली. तोवर पडद्यावरचं चित्र फिल्मवर टिपून ठेवत. रोज यांच्या नाटकाचा बराच काळ पूर्वार्धच उपलब्ध होता. संपूर्ण प्रत सापडली २००३ मध्ये.

तेव्हा मलकापुरातल्या हौशी मंडळींनी हे नाटक करायला घेतलं, तर रीतसर परवानगी घ्यावी आणि पत्रिकेवर मूळ लेखक म्हणून रेजिनाल्ड रोज हे नाव ठळक छापावं.